वीस मिनिटांनी आलेलं पत्र

व्हिडिओ कॉल सुरू झाला की मी आधी स्क्रीनवरच्या चौकटी मोजते. सवयच लागलीय मेली. सगळे आले तरी कुणीतरी यायचं राहिलंय असं वाटत राहतं. आणि कोण राहिलंय, ते मला चांगलं ठाऊक आहे.

कॅल्गरीतल्या एका विद्यापीठाच्या रिसर्च ऑफिसात माझी नोकरी. युरोपातला संशोधन निधी मिळवायला चार-सहा देशांची विद्यापीठं मिळून अर्ज करतात. त्यात आमच्या प्राध्यापकांना घुसवायचं, भागीदार शोधायचे, कागद जमवायचे. थोडक्यात, सोयरिकी जुळवायच्या.

त्या वेळचा अर्ज बर्फ वितळल्यावर विहिरींचं पाणी कसं बिघडतं, यावर होता. त्यामागची कल्पना एका बाईची. पूर्व युरोपातल्या एका लहानशा विद्यापीठात ती कंत्राटी संशोधक होती. गावोगाव हिंडून, बायकांशी बोलून तिने विहिरींच्या नोंदी मिळवल्या होत्या आणि त्यावरची आठ पानं तिनेच लिहिली होती. आमची पहाट म्हणजे तिची दुपार. बाकीचे कॉलवर यायच्या आधी आम्ही दोघी गप्पा मारायचो. एकदा ती सरळच म्हणाली, "हा प्रकल्प मिळाला तर माझी नोकरी टिकेल. नाहीतर जूनमध्ये संपली."

"मिळणार म्हणजे मिळणार! मी आहे ना," मी म्हटलं. काय तो माझा तोरा!

मुदतीला चार दिवस उरले आणि अर्जाचा मुख्य भागीदार कॉलवर म्हणाला, खर्च मर्यादेबाहेर जातोय, कुणा एकाला वगळावं लागेल. सगळ्यांचे माइक बंद. नेमकी ती त्या दिवशी नव्हती. सगळ्यांत शेवटी सामील झालेले आम्ही, त्यामुळे गदा आमच्यावरच येणार हे उघड होतं. शेजारी बसलेले आमचे प्राध्यापक माझ्याकडे बघायला लागले. मी माइक चालू केला. "तिच्या विद्यापीठाचं सहभागाला मंजुरी देणारं सहीचं पत्र आज सकाळपर्यंत यायचं होतं. ते आलेलं नाही."

एवढंच बोलले. आणि खरंच आलं नव्हतं. लगेच सगळ्यांना कंठ फुटला. हो हो, पत्रच नाही तर काय करणार! दोन मिनिटांत तिचा निकाल लागला.

वीस मिनिटांनी, कॉल चालू असतानाच, पत्र माझ्या मेलमध्ये येऊन पडलं. सही, शिक्का, सगळं. मी उघडलं, पाहिलं, बंद केलं. तोंडातून ब्र काढला नाही. संध्याकाळी अर्जाच्या वेबसाइटवरून तिचं नाव मीच काढलं. "नक्की काढायचं?" असं तिथे विचारलंही होतं. पत्र वेळेत आलं नाही म्हणून वगळलं, असं मुख्य भागीदाराने तिला कळवलं. तिची आठ पानं मात्र आम्ही तशीच राहू दिली.

दर एप्रिलला जयंतीच्या कार्यक्रमात मी कम्युनिटी सेंटरच्या माइकवरून पोरांना सांगते, अन्याय दिसला की गप्प बसू नका. गाडीत मुलगी म्हणते, "आई, यू वर सो गुड." तेव्हा स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

अर्ज मंजूर झाला. ऑफिसात केक कापला. परीक्षकांनी सगळ्यांत जास्त कौतुक त्या आठ पानांचं केलं होतं. पण ते काम करायचं कसं, हे आमच्यात कुणालाच माहीत नव्हतं. प्राध्यापक म्हणाले, "तुझी ओळख आहे ना, विचार की तिला."

तीन दिवस माझा हात धजेना. शेवटी दोन ओळी खरडल्या. त्याच दिवशी तिचं उत्तर आलं. सगळ्या नोंदी, हाताने काढलेले नकाशे, कोणत्या गावात आधी कुणाशी बोलायचं, सगळंच पाठवलं होतं बाईने. नोकरी जूनमध्येच गेली, आता औषधांच्या दुकानात काउंटरवर असते, असंही लिहिलं होतं. आणि शेवटी:

"पत्राला उशीर झाला, त्याचं फार वाईट वाटतं. सहीसाठी दोन दिवस साहेबांच्या दाराशी बसून होते. तू माझ्यासाठी इतकी धडपडलीस आणि माझ्यामुळे तुला सगळ्यांसमोर खाली बघावं लागलं असेल. रागावली नाहीस ना?"

मी लिहिलं, "छे गं, काही हरकत नाही," आणि पाठवून दिलं.