ईशान्य कोपऱ्यातला नारळ

नारळ तिसऱ्या फटक्याला फुटला. त्याच फटक्याला खालची लाकडी पट्टीही फुटली. दोन्हींचा मिळून आवाज एकच आला, म्हणून आधी कुणाच्या लक्षात आलं नाही.

मी हॉलच्या दुसऱ्या टोकाला स्कोअरबोर्डच्या वायरी मोजत होते. वळून पाहिलं, तर आमचे मांडववाले नामदेवदादा कोर्टच्या कोपऱ्यात उभे. अनवाणी, डोक्यावर टोपी, हात जोडलेले. पुढ्यात नारळाचं पाणी पसरलेलं. सकाळचे दहा वीस झाले होते. दुपारी तीन वाजता त्याच कोर्टवर पहिला सामना होता.

मी व्हेन्यू मॅनेजर आहे. म्हणजे खेळ सोडून बाकी सगळं माझं. लाइट, पाणी, खुर्च्या, संडास, अँब्युलन्स, पार्किंग. अठरा वर्षांखालच्या मुलींची आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धा होती. अर्ध्या टीम पुण्यात खेळणार होत्या, अर्ध्या आमच्याकडे, खालापूरजवळच्या नव्या हॉलमध्ये. आमच्याकडच्या सगळ्या टीमचा मुक्काम कर्जतच्या एका रिसॉर्टवर होता. आपल्या भागात दुसऱ्या देशांचे झेंडे लागण्याची ही पहिलीच वेळ. आठवडाभर मला नीट जेवण जात नव्हतं, आणि त्याचं काही वाटतही नव्हतं. पहाटे पाचला आपोआप जाग यायची आणि हात आधी यादीकडे जायचा. यादी दोनशे अकरा ओळींची होती.

मी कोपऱ्याकडे धावले. म्हणजे आधी बूट काढले आणि मग धावले. नियम माझाच होता.

"दादा, हे काय केलंत?"

"नारळ वाढवला, मॅडम. येवढं मोठं काम हाय. बिननारळाचं कसं चालू करायचं?"

"पण इथे? लाकडावर?"

"ईशान्य कोपरा ह्योच हाय. मोबाइलवर बघितला."

"आणि दगड? दगडावर फोडतात ना नारळ?"

दादा माझ्याकडे बघतच राहिले. "तुमीच बोललात ना, फ्लोअरवर दगड, लोखंड, चपला काय न्यायचं नाय? चार दिस झालं ओरडताय. दगड आणला व्हता मी. भायेर ठेवला. चपलांच्या बाजूला."

मी दाराकडे पाहिलं. चपला होत्या. बाजूला स्वच्छ धुतलेला दगड होता. वर भिंतीवर माझ्या अक्षरातली पाटी होती. माझ्या यादीत नवव्या ओळीत 'नारळ – १ – नामदेवदादा' असंही लिहिलेलं होतं. माणसाने सगळं सांगितल्याप्रमाणे केलं होतं.

आता नुकसान किती ते सांगते. बास्केटबॉलचं असं कोर्ट एकसंध नसतं. दारापेक्षा थोडी मोठी लाकडी पॅनेल असतात. ती शेजारी शेजारी मांडून बाजूने बोल्टने आवळतात. सांधे एकासमोर एक येऊ देत नाहीत, विटांच्या भिंतीसारखे सरकवून घेतात. खाली रबराचे तुकडे असतात, म्हणून उडी मारणाऱ्या मुलीच्या गुडघ्याला हादरा कमी बसतो. त्याच रबरामुळे दादांचे पहिले दोन फटके वाया गेले होते. नारळ चेंडूसारखा उडाला होता. तिसरा त्यांनी जिवाच्या आकांताने मारला.

पाणी हिराबाईंनी एका मिनिटात टिपलं. हिराबाई म्हणजे वरच्या वाडीतल्या, आमच्या मॉपर बायकांच्या प्रमुख. सामना चालू असताना खेळाडू पडली की फ्लोअरवर घाम उरतो. त्यावरून दुसरी घसरू शकते. म्हणून मॉपरने धावत जाऊन, पुसून, खेळ सुरू व्हायच्या आत बाहेर यायचं. सहा बायका तीन आठवडे हेच धावणं शिकत होत्या. ट्रॅकसूट घालायला आधी लाजल्या. नंतर घरी जातानाही काढेनात.

पाणी गेलं. चीर राहिली. वीतभर लांब, आणि बाजूला बोट जाईल असा खड्डा.

तेवढ्यात कमिशनर आल्या. कमिशनर म्हणजे आंतरराष्ट्रीय संघटनेने पाठवलेली अधिकारी. तिची सही नसेल तर कोर्टवर कुणी पाय ठेवत नाही. आमच्या कमिशनर मंगोलियाच्या होत्या, ओयुना मॅडम. इंग्रजी मोजकं, चेहरा शांत. त्यांनी चीर पाहिली. चेंडू डोक्याएवढ्या उंचीवरून त्या पॅनेलवर सोडला. चांगल्या पॅनेलवरून तो कमरेच्या वर येतो. इथे गुडघ्याशीच थांबला.

त्या खाली बसल्या. चिरेत नख घातलं.

"इथे मुलगी वेगात वळेल. घोटा जाईल."

"दुरुस्त करते."

"दीड वाजेपर्यंत. बसेस कर्जतहून पावणेदोनला निघतात. कोर्ट नसेल तर बसेस पुण्याला."

"फक्त आजचा सामना?"

"सगळे सामने."

मी स्पर्धेचे संचालक देसाई सर यांना फोन लावला. ते पुण्यात होते.

"फोडला म्हणजे? कुठे फोडला?"

"कोर्टवर, सर."

 मग म्हणाले, "कोर्ट टाकणाऱ्या कंपनीची माणसं बोलाव."

"ती काल रात्रीच दुसऱ्या कामाला नाशिकला गेली. यायला संध्याकाळ होईल. विचारलं मी."

"स्पेअर पॅनेल?"

"कंपनी म्हणाली होती, लागत नाही."

"मग मी पुण्याच्या हॉलला तयारीला सांगू?"

"दीड वाजता सांगा, सर. आत्ता नको."

फोन ठेवला आणि कोर्टचा नकाशा उघडला. कंपनीने पॅनेल टाकताना मी प्रत्येकाचा नंबर लिहून घेतला होता. त्यांच्या मुकादमाने तेव्हा चेष्टा केली होती, मॅडम, घरी न्यायचंय का? फुटलेलं पॅनेल कडेपासून आत चौथं होतं. नशीब एवढंच की ते थ्री-पॉइंटच्या रेषेच्या आत आणि बास्केटखालच्या रंगीत चौकोनाच्या बाहेर होतं. म्हणजे साधं, त्यावर एकही रेषा नाही. आणि असंच साधं पॅनेल टीमच्या बाकांमागे होतं. तिथे कुणी खेळत नाही. नुसत्या पाण्याच्या बाटल्या ठेवतात.

"दादा, हे काढून बाकांमागे टाकायचं आणि तिथलं इथे बसवायचं. जमेल?"

दादा आतापर्यंत खाली मान घालून उभे होते. त्यांनी टोपी काढून खिशात घातली. "लग्नाचं स्टेज एका तासात उभं करतो मी. वर पन्नास माणसं नाचतात. खाली एक पाट हलत नाय. किती काढायची?"

"सांधे सरकवलेत. बाजूची पण सैल करावी लागतील. अकरा."

"पोरं हायेत माझी सहा. पन बोल्ट कशानं खोलायचं? पाना कंपनीचा व्हता, घेऊन गेली ती."

यादीतली एकशे तेविसावी ओळ. 'पॅनेल बोल्ट: आत सहाकोनी खाच, १० नंबर.' का लिहिलं होतं मलाच आठवत नव्हतं. दादांनी कर्जतच्या भिसेगावातल्या आपल्या भाच्याकडून पाना मागवायला मोबाइल काढला. मी म्हटलं, कर्जत लांब पडेल, खोपोलीच्या शिळफाट्यावरची दुकानं जवळ. दादांचा टेंपो गेला. दहा नंबरच्या चार एल-की, म्हणजे सहाकोनी पाने, घेऊन पंचवीस मिनिटांत परत आला.

अकरा वाजून दहा मिनिटांनी पहिला बोल्ट सुटला.

त्यानंतरचा दीड तास मला अजून पाठ आहे. जाहिरातींचे बोर्ड सरकवले. एक पॅनेल उचलायला चार माणसं. दादांनी सगळ्यांना मोजे घालायला लावले. कमरेचे पट्टेसुद्धा काढून ठेवायला लावले, लोखंड नको म्हणून. "रं, कोपऱ्याला धर! मधी धरशील तर वाकंल!" ओयुना मॅडम पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसल्या होत्या. मी पॅनेल निघेल तसं खडूने मागे नंबर टाकत होते. निघालेली पॅनेल मॉपर बायका भिंतीशी नंबरवार लावून घेत होत्या. हिराबाई मोठ्याने आकडे म्हणायच्या आणि बाकीच्या मागून म्हणायच्या. हॉलभर घुमत होतं. मला भीती वाटत होती आणि मजाही येत होती, हे आता कबूल करायला हरकत नाही.

बारा चाळीसला बाकांमागचं पॅनेल चौथ्या जागी बसलं. बोल्ट आवळले. दादांनी उजव्या पायाचा मोजा काढला आणि सांध्यावरून पाऊल फिरवलं.

"बसला नाय."

मला सरळ दिसत होतं. मी लेव्हल ठेवली. तिच्या नळीतला बुडबुडा किंचित सरकला. एका कोपऱ्याला पॅनेल नखभर वर होतं. वेगात आलेल्या मुलीच्या बुटाला नखभर पुरतं.

"वेगळ्या जागेचं पॅनेल हाय," दादांचा एक माणूस म्हणाला. "घासू या जरा."

"घासायचं नाही," मी म्हटलं. घासलं तर वरचं पॉलिश जाणार आणि तिथे बूट घसरणार.

"मग खालीच कायतरी हाय," दादा म्हणाले.

पुन्हा काढलं. खाली काही दिसेना. सिमेंटही करडं, रबरही करडं. टॉर्च मारला. एक वाजला.

मागून हिराबाईंचा आवाज आला. "मॅडम, या वाईच."

त्या पायरीवर ताटली घेऊन बसल्या होत्या. खोबरं सोडवून प्रसादासाठी वेगळं काढलं होतं. उरलेल्या करवंटीचे तुकडे त्यांनी वाटीसारखे एकमेकांना लावून धरले होते.

"हिराबाई, आत्ता प्रसाद नको हो."

"प्रसाद नाय गं बाई. ही बघ. हितं भोक हाय. येवढा तुकडा कमी हाय." त्यांनी अंगठा दाखवला. "फ्लोअर मीच झाडला. मला नाय घावला. म्हंजी फटीत गेला, नायतर तुमी उचललं तवा खाली पडला."

घाईत त्या मला एकदम अगं-तुगंवर आल्या होत्या. मला फार बरं वाटलं.

करवंटीचा तुकडा पॅनेलच्या खालच्या रबराला चिकटलेला निघाला. नारळाच्या पाण्याने चिकट झाला होता. आम्ही सिमेंट शोधत होतो आणि तो पॅनेलबरोबर वर उचलला जात होता. हिराबाईंनी तो काढून करवंटीत बसवला. बरोबर बसला.

एक बावीसला शेवटचा बोल्ट. दादांनी पाऊल फिरवलं. या वेळी मोजा परत चढवला आणि बाजूला झाले.

ओयुना मॅडम आल्या. सांध्यावर तळवा फिरवला. लेव्हल ठेवली, एकदा उभी, एकदा आडवी. चेंडू सोडला. कमरेच्या वर आला. पाच वेळा सोडला, पाच जागी. मग बुटानिशी त्या कोपऱ्यात धावल्या, खाडकन वळल्या, बुटाचा चीं आवाज आला. परत आल्या आणि फॉर्म मागितला. सही करताना विचारलं, "नारळ कशासाठी होता?"

"सगळं नीट व्हावं म्हणून."

त्यांनी फॉर्मवर वेळ लिहिली, एक वाजून अठ्ठावीस मिनिटं. "मग झालं की नीट," म्हणाल्या. हिराबाईंनी पुढे केलेलं खोबरं त्यांनी खाल्लं आणि आणखी मागितलं.

मी देसाई सरांना मेसेज केला: 'बसेस इकडेच.'

तीन वाजता हॉल भरला. कर्जत, खोपोली, चौक गाव, कुठून कुठून लोक आले होते. ढोल-ताशा आत आणायचा नाही असं यादीत होतं, म्हणून तो दारात वाजत होता. आपल्या मुली हात हलवत आत धावल्या, तेव्हा अंगावर काटा आला. पण खरं सांगायचं तर मी सामना पाहिला नाही. चाळीस मिनिटांचा सगळा खेळ मी चौथ्या पॅनेलवर नजर ठेवून काढला. दुसऱ्या क्वार्टरमध्ये एक उंच मुलगी तिथे आली, पाय रोवला, वळली, उडाली. हॉल ओरडला. बॉल आत गेला की नाही ते मी पाहिलं नाही. पाय नीट टेकले, एवढं पाहिलं. शेवटी हिराबाईंना विचारलं, कोण जिंकलं?

"आपुनच की गं! कुठं व्हतीस?"

त्या घामाघूम झाल्या होत्या. त्यांना दोनदा आत जावं लागलं होतं, आणि दोन्ही वेळा टाळ्या पडल्या होत्या.

बाकीचे सामने आमच्याकडेच झाले. पॅनेल हललं नाही. शेवटच्या दिवशी दादा पुन्हा नारळ घेऊन आले. नीट पार पडलं म्हणून. मी त्यांना हाताला धरून बाहेर पायरीपाशी नेलं. तिथे त्यांचा तो धुतलेला दगड अजून होता. पहिल्याच फटक्याला नारळाची दोन भकलं झाली.

"बगा," दादा म्हणाले, "दगड असला की कसं झ्याक फुटतं."

यादीत कोण आणि किती एवढंच लिहून भागत नाही, कुठे आणि कशावर हेही लिहावं लागतं. माझ्या नव्या यादीत नववी ओळ आता अशी आहे: 'नारळ – १. जागा – बाहेरची पायरी. दगड – १, मॅनेजरने आणायचा.' तो दगड माझ्या गाडीच्या डिकीत असतो. टूलकिटच्या शेजारी.