रुस्ताकमधलं बोकडाचं कातडं

शुक्रवारी सकाळी माबेल्याहून निघालो तेव्हा गाडीत दोघंच होतो, आणि त्यातल्या एकाला चामड्यातलं सगळं कळत होतं. तो मी. इथे आखातात, बौशरच्या एका मॉलमध्ये पर्स आणि पट्टे विकणाऱ्या दुकानाचा मी अकरा वर्षं मॅनेजर आहे. दुसरी माझी बायको, सुनंदा. ती नुसती सोबतीला येतेय, यावर आमचं एकमत होतं.

माझा दुकानातला सहकारी सालिम रुस्ताकचा. ईदच्या बोकडाचं कातडं त्याची आई घरीच कमावते, त्याची ताक घुसळायची पिशवी करते, हे कळल्यावर मी स्वतःच स्वतःला आमंत्रण देऊन टाकलं होतं.

बर्का मागे पडल्यावर रस्ता डोंगरांकडे वळतो. डोंगर उघडे, तपकिरी. पायथ्याशी मात्र खजुरांची गर्द हिरवी पट्टी. मोबाईलच्या नकाशाने आम्हाला थेट वादीत (ओढ्याच्या कोरड्या पात्रात) नेऊन सोडलं. एका म्हाताऱ्याने पिकअप थांबवून विचारलं, "सालिमकडे?" आणि पुढे होऊन दारापर्यंत पोचवलं.

कहवा झाला, खजूर झाले, हलवा झाला. मग खाला (सालिमच्या आईला आम्ही मावशीच म्हणत होतो) आम्हाला मागच्या अंगणात घेऊन गेली. मिठाच्या पाण्यात भिजलेलं अख्खं कातडं बाही उलटावी तसं उलटं करून खजुराच्या खोडावर चढवलेलं होतं. आतल्या बाजूला चिकटलेली चरबी आणि पांढरा पापुद्रा खरवडून काढायचा होता. सुनंदाने पदर नाकाला लावला. मी कातड्याच्या थरांबद्दल बोलू लागलो. सालिम हिंदीतून ऐकून आईला अरबीत सांगत होता. माझी दहा वाक्यं तिच्यापर्यंत दोनच होऊन पोचत होती.

खालाने सुरी माझ्या हातात दिली.

"हिला धारच नाही," मी म्हणालो.

"तशीच लागते, साहेब," सालिम म्हणाला.

मी हसलो आणि खिशातला माझा चाकू काढला. मानेकडचा भाग झकास निघाला. पोटाकडे आलो, आणि पात्याखाली एकदम खोडाची साल दिसली. दोन बोटं जातील एवढं भोक.

मग सालिम हळूच म्हणाला, "मामासाठी होतं. वर डोंगरावर त्याच्या शेळ्या आहेत. गेल्या वर्षी आईची बोटं इतकी आखडली होती की पिशवी झालीच नाही. यंदा हे एकच."

मी माफी मागितली. दोन भाषांत मागितली. नव्या कातड्याचे पैसेही देऊ केले, आणि ते सालिमने आईला सांगितलंच नाही.

"सरका जरा," सुनंदा म्हणाली. पदर खोचून ती खोडापाशी बसली आणि बोथट सुरी आडवी धरून पुढे ढकलू लागली. चरबी सायीसारखी गोळा होत गेली.

"तुला कसं येतं हे?"

"माहेरी वजरी कोण साफ करायचं? तुम्हाला फक्त खायची माहीत."

खाला तिच्या शेजारी टेकली. पोटाकडे आल्यावर तिने सुनंदाच्या मनगटावर बोटं ठेवून हात हलका केला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी बोलणं थांबत नव्हतं. कातडं स्वच्छ झाल्यावर खालाने भोकात एक गुळगुळीत खडा धरला, भोवतीचं कातडं त्यावर ओढून दोऱ्याने करकचून बांधलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "खलास!" म्हणजे, झालं काम. मग कातडं पुन्हा सुलटं करून दोघींनी ते कमावण्यासाठी आत बाभळीच्या कुटलेल्या शेंगा भरायला घेतल्या. मला शेंगांची पाटी धरायचं काम मिळालं. ते मी चोख केलं.

दुपारी मच्छीभात जेवून निघालो. निरोप घेताना खालाने मला खजुरांचा मोठा डबा दिला, सालिमच्या साहेबाला शोभेलसा. सुनंदाला तिने ती लाकडी मुठीची, बोथट सुरी दिली.

परतताना सुनंदा सुरी मांडीवर घेऊन डोंगर बघत होती. अकरा वर्षांत या देशातल्या कितीतरी घरांत मी कहवा प्यायलोय आणि प्रत्येक घरातून खजूर घेऊन निघालोय. त्याला मी ओळख समजत होतो. पाहुण्याला खजूर देतात, एवढंच ते होतं.