रस्त्याच्या अलीकडचा चारा

सुधीर करंदीकर जर्मनीत, एर्लांगेनच्या एका कंपनीत यंत्रांचे आराखडे करायचा. शहराच्या पश्चिमेला, माशांची तळी आणि पाइनचं जंगल असलेल्या गावात त्याचं घर होतं. घरात बायको वासंती आणि एकुलती एक मुलगी ज्ञानदा. ज्ञानदा कार्ल्सरूहेला शिकायची, अधूनमधून शनिवार-रविवार घरी यायची. आई मराठीत विचारायची, ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची, आणि दोघींचं छान चालायचं.

२०१३ च्या नोव्हेंबरातल्या एका शनिवारी, तिन्हीसांजेला, ती मैत्रिणीकडून गाडीने परत येत होती. जंगलाजवळच्या वळणावर हरीण आडवं आलं. त्याला वाचवायला तिनं स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी झाडावर आदळली.

हरीण वाचलं.

त्या जंगलाची शिकार आणि देखभाल ज्यांच्याकडे होती ते येगर, त्साइटलर नावाचे सत्तरीचे गृहस्थ, जवळच होते. आवाज ऐकून ते सगळ्यांच्या आधी पोचले. अँब्युलन्स येईपर्यंत ज्ञानदाचा हात धरून बसले. ती काही बोलली का, हे वासंतीनं त्यांना नंतर विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

त्या हिवाळ्यात त्साइटलर दर आठवड्याला यायचे. येताना लाकडं आणायचे, अंगणातला बर्फ बाजूला करायचे आणि कॉफी न घेता जायचे. एकदा सुधीरनं त्यांना दारातच थांबवलं.

“हरणं रस्ता का ओलांडतात?”

“भूक,” ते म्हणाले. “हिवाळ्यात जंगलात खायला उरत नाही. रस्त्यापलीकडे रॅप्सची, म्हणजे मोहरीसारख्या पिकाची, शेतं हिरवी असतात.” मग खाली बघत म्हणाले, “रस्त्याच्या अलीकडे, जंगलाच्या आत, माझी एक पट्टी पडीक आहे. तिथं विल्डआकर करायचं, म्हणजे जनावरांसाठीच चारा पेरायचा, असं कितीतरी वर्षं मनात होतं. राहून गेलं.”

“आपण पेरू,” सुधीर म्हणाला.

वासंती आत उभी होती. त्साइटलर गेल्यावर ती म्हणाली, “अहो, ज्यानं आपली पोर नेली, त्याला जेवायला घालणार तुम्ही?”

“अगं, पोट भरलं तर ती रस्त्यावर येणार नाहीत.”

“आता येवोत नाहीतर न येवोत. माझं काय राहिलंय त्या रस्त्यावर?”

तो अंगणातल्या शेडमध्ये गेला.

पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी त्साइटलरांचं खत फेकायचं जुनं यंत्र वापरलं. सूर्यफूल, कुट्टू, क्लोव्हरचं गवत आणि बर्फातही हिरवा राहणारा चाऱ्याचा कोबी, सगळं बी एकत्र कालवून त्यात घातलं. वरून दाताळं फिरवून माती ओढली. सूर्यफूल एका कडेला दाट उगवलं. कोबीचं मोहरीएवढं बी खोल गाडलं गेलं होतं, ते वर आलंच नाही. ऑक्टोबरात पट्टी तपकिरी झाली आणि हरणं पुन्हा रस्त्याकडे वळली. एके सकाळी कामावर जाताना सुधीरला वळणावर मेलेली मादी दिसली. तो गाडी बाजूला घेऊन बसून राहिला. त्या दिवशी तो ऑफिसला पोचलाच नाही.

मग त्यानं यंत्राचा ध्यासच घेतला. शनिवारी अवजारांच्या दुकानांतून फिरायचा. विक्रेते मोठमोठी पेरणीयंत्रं दाखवायचे. तो म्हणायचा, “हे झाडांमध्ये वळणार नाही.” नांगर नको, कारण खाली दगड होते आणि नांगरलं की तण माजत होतं. एकाच पेटीचं यंत्र नको, कारण हादऱ्यानं बारीक बी तळाशी बसायचं आणि जाड बी वर राहायचं.

एकदा शेडमध्ये चादर अंथरून तो हातानं फिरवायच्या यंत्रातून बी फेकून बघत होता. जाड बी लांब गेलं, बारीक पायाशी पडलं. वासंती दारात आली.

“ती ज्ञानूची चादर आहे,” ती म्हणाली.

त्यानं खाली पाहिलं. निळ्या चौकड्यांची. कार्ल्सरूहेहून तिचं सामान आणलं तेव्हा खोक्यात आली होती. अंथरताना ती कुणाची, हे त्यानं बघितलंच नव्हतं. तो गुडघ्यावर बसून एकेक दाणा वेचू लागला. वासंती शेजारी बसून तीही वेचू लागली. दोघंही हुंदके देत होते. कित्येक महिन्यांनी प्रथमच एकमेकांसमोर.

शेवटी त्याला हवं ते यंत्र मिळालं. जेमतेम दीड हात रुंद. पुढे माती भुसभुशीत करणाऱ्या तबकड्या, मग जाड बियांची एक पेटी, बारीक बियांची दुसरी, आणि मागे माती दाबणारा रूळ. जाड बी तबकड्यांच्या मागोमाग मातीत जायचं, बारीक बी वर पडून रुळाखाली नुसतं चेपलं जायचं. त्साइटलरांचा जुना अरुंद ट्रॅक्टर ते सहज ओढायचा. २०१५ च्या जूनमध्ये दोघांनी पेरलं. आठवड्याभरात ओळीच्या ओळी उगवल्या. त्साइटलर एका ओळीशी वाकून म्हणाले, “गेनाऊ, अगदी बरोबर. असंच हवं होतं.” सुधीरला हसू आलं आणि लगेच त्याची लाज वाटली.

नोव्हेंबरात गवत पिवळं पडलं, कोबी मात्र हिरवागार होता. सुधीर घरी त्याबद्दल बोलायचा नाही. एका दुपारी वासंती आपणहून म्हणाली, “मला घेऊन चला.”

त्साइटलरांसह तिघं पट्टीच्या कडेला, झाडांआड उभे राहिले. ऊन उतरायला लागलं तशी एक मादी बाहेर आली, मागून दोन वाढलेली पिल्लं. ती शांतपणे पानं ओरबाडू लागली. रस्ता झाडांपलीकडे होता, गाड्यांचा आवाज येत होता. हरणांनी तिकडे मानही वळवली नाही.

वासंती एक पाऊल पुढे सरकली. मग हळू आवाजात मराठीत म्हणाली, “एवढंच करायचं होतं? मग कुणी आधी का नाही केलं हो?”

त्साइटलरांनी सुधीरकडे पाहिलं. “काय म्हणाल्या त्या?”

सुधीरनं जर्मनमध्ये सांगितलं, “म्हणाली, पीक छान आलंय.”

वासंतीला जर्मन चांगलं येत होतं. तिनं ते ऐकलं. त्या संध्याकाळी ज्ञानदाचा हात धरून बसलेल्या त्साइटलरांच्या हातांकडे पाहिलं आणि त्यांना जर्मनमध्येच म्हणाली, “हो, छान आलंय.”

मग ती वळली आणि एकटीच गाडीकडे चालू लागली.