प्रमुख पाहुण्यांना दिलेली गाढवीण

आमची कंपनी दुबईत, जुमेरा लेक टॉवर्समधल्या एकविसाव्या मजल्यावरून कथील आणि कापड विकते. दोन्ही वस्तू आमच्यापैकी कोणी पाहिलेल्या नाहीत. एका विमानप्रवासात एमडींच्या वाचनात आलं, की चार हजार वर्षांपूर्वी अश्शूर शहरातले असिरियन व्यापारी हेच दोन माल गाढवांवर लादून आजच्या तुर्कस्तानात नेत. विमान उतरेपर्यंत आम्ही त्यांचे वारस झालो होतो. वार्षिक समारंभाची थीम ठरली, ‘चार हजार वर्षांची परंपरा’. कंपनीला तेव्हा अकरावं वर्ष चालू होतं.

मी पुस्तकं वाचते अशी ऑफिसात बदनामी असल्यामुळे निवेदन माझ्याकडे आलं. व्यापाऱ्यांच्या बायका घरी कापड विणत आणि परदेशातल्या नवऱ्यांना मातीच्या पाट्यांवर खरमरीत पत्रं लिहीत, हा भाग मी मन लावून लिहिला होता. एमडींनी तेवढाच काढला. निगेटिव्ह वाटतो म्हणाले. मुक्कामाला पोचल्यावर व्यापारी मालाबरोबर बहुतेक गाढवंही विकून टाकत, हे वाक्य मात्र त्यांना फार भावलं.

मग गाढव हवं झालं. ते काम लॉजिस्टिक्सच्या भाईंकडे गेलं. भाई रत्नागिरीकडचे, अडकलेला कंटेनर फोनवर सोडवणारे. तासाभरावरच्या उम्म अल कुवैनमधल्या एका शेतावर त्यांच्या गावचा राखणदार होता. गर्दीत शांत उभी राहील अशी त्याची स्वतःची एकच गाढवीण होती, आणि तिला अंगावर पिणारं शिंगरू. तो द्यायला तयार नव्हता. मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, नमाजाआधी आईला परत आणीन, असा भाईंनी शब्द दिला तेव्हा कुठे त्याने दोर सोडला. टॉवरच्या सिक्युरिटीने तिची नोंद ‘डेकोरेशन’ अशी केली.

समारंभ दुपारी तळ्याकाठच्या मंडपात होता. प्रमुख पाहुणे एक वयोवृद्ध अरब व्यापारी. त्यांच्याशी मोठा करार व्हायचा होता. तरुणपणी त्यांनी मुंबईत खजूर विकला होता, त्यामुळे त्यांची हिंदी आमच्यापेक्षा बरी. एमडींनी कुरळी असिरियन दाढी चिकटवली होती आणि ती माईकमध्ये अडकत होती.

मराठी माणूस समुद्र ओलांडतो, सत्कार ओलांडत नाही. शाल-श्रीफळ देऊन पाहुण्यांचा सन्मान होईल अशी घोषणा झाली, आणि तबकात फक्त श्रीफळ निघालं. शाल गाढविणीच्या पाठीवर होती. कापडाशिवाय तांडा कसला, असं म्हणून सजावटवाल्यांनी ती तिथे घातली होती. एमडींनी तबकाकडे पाहिलं, गाढविणीकडे पाहिलं. तिच्या अंगावरची शाल ओढून पाहुण्यांना पांघरणं शक्य नव्हतं, आणि त्यांना नुसत्या नारळावर पाठवणं त्याहून शक्य नव्हतं. त्यांनी पाहुण्यांच्या एका हातात नारळ दिला आणि दुसऱ्या हातात दोर.

“सर, हमारी परंपरा के अनुसार,” ते म्हणाले, “ये अब आपकी है.”

टाळ्या पडल्या. यजमानाची भेट नाकारायची नाही, ही त्यांची रीत. पाहुण्यांनी छातीवर हात ठेवून आभार मानले.

भाई मला शोधत आले, तेव्हा लाल गालिच्यावर दुधाचे थेंब पडत होते. “ताई, तिला पान्हा फुटलाय,” ते म्हणाले. “पोर तिकडं उपाशी असेल. मी जबान दिलीय.”

आम्ही एमडींकडे गेलो. दाढी सोलता सोलता त्यांनी समजावलं, की दिलेली भेट परत मागणं म्हणजे अपमान, आणि अपमान म्हणजे करार गेला. राखणदाराला आपण दुसरी गाढवीण घेऊन देऊ.

“सर, शिंगराला रिप्लेसमेंट चालत नाही,” भाई म्हणाले आणि सरळ पाहुण्यांच्या गाडीकडे चालू लागले.

गाडी लांबलचक, काळी. शेजारी ड्रायव्हर दोर धरून उभा. पाहुणे एकदा गाडीकडे, एकदा गाढविणीकडे पाहत होते. भाईंनी सलाम केला आणि शिंगरापासून शब्दापर्यंत सगळं सांगितलं. मी मागे उभी राहून आम्हा दोघांच्या नोकऱ्यांचा विचार करत होते.

“तोहफ़ा वापस नहीं होता,” पाहुणे म्हणाले. “अब मेरी है.”

भाईंनी मान खाली घातली.

“तो मेरी गधी को इसके बच्चे के पास ले जाओ. वहीं रखो, चारा मैं भेजूँगा. यल्ला, मगरिब होने वाली है.” मग आवाज उतरवून म्हणाले, “तुम्हारे साहब से मत कहना. मैं सोच रहा था, इसे बिठाऊँ कहाँ.”

पिकअपमध्ये मी भाईंशेजारी बसले, गाढवीण मागे. शारजाच्या ट्रॅफिकमध्ये आम्ही अडकलो आणि आरशात सूर्य खाली येत राहिला. “ताई,” भाई रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, “पुढच्या वर्षी बोटीतून धंदा करणारे कोणीतरी शोधा.”

आम्ही पोचलो तेव्हा अजान व्हायची होती. शिंगराने आईला धड उतरूही दिलं नाही. ते डोक्याने ढुशा देत पिऊ लागलं. राखणदाराने भाईंना काही सुनावलं नाही. पाहुण्यांची हकीकत मात्र त्याने दोनदा ऐकली, आणि तरीही ती त्याच्या डोक्यात शिरेना.

“मग आता ही कोणाची?” त्याने विचारलं.

भाईंनी शिंगराकडे बोट केलं. “आत्ता तरी याची,” ते म्हणाले आणि वजूसाठी हातपाय धुवायला गेले.