जास्तीचं एक वाक्य

आमचं दुकान एकच, पण धंदे दोन. डाव्या हाताला हे बसतात, किल्ल्या करतात. उजव्या हाताला मी, बॅगांच्या चेनी आणि छत्र्यांच्या काड्या दुरुस्त करते. मधे एक पंखा आहे. तो दोघांच्या बरोबर मधोमध फिरतो, त्यामुळे दोघांनाही वारा लागत नाही. गल्लीतली पोरं यांना मास्टर म्हणतात, मास्टर कीवरून. मला तोंडावर काकू म्हणतात आणि पाठ वळली की चेनवाली.

यांच्याबद्दल सांगायचं तर सरळ, नाकासमोर चालणारा माणूस. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्यावर आवाज चढवला नाही आणि कधी कौतुकाचा शब्दही काढला नाही. मीठ विसरले तरी मुकाट जेवून उठतात. लोक म्हणतात, नशीबवान आहेस. असेन. पण मुक्या माणसाबरोबर राहणं काय असतं, ते त्यांना दोन दिवस राहून बघू दे.

पूर्वी हे असे नव्हते. गिऱ्हाइकांची थट्टा करायचे. एखादा पुन्हा पुन्हा किल्ली हरवून आला की म्हणायचे, "तुम्हाला किल्ली कशाला, गळ्यात घंटाच बांधून देतो." माणसं हसायची आणि दुसरं कामही देऊन जायची. खरी कमाई तेव्हा किल्ल्यांची नव्हतीच, बंद दारं उघडून द्यायची होती. किल्ली आत राहिली, दार ओढलं गेलं, की माणूस धावत आमच्याकडे. हे पिशवी उचलून निघायचे.

त्या कामाला यांचा एक नियम होता. आधी शेजारच्या घराची बेल वाजवायची आणि विचारायचं, "हे इथलेच ना?" शेजाऱ्याने हो म्हटलं की मगच पिशवी उघडायची. नियम माझ्या सासऱ्यांनी घालून दिलेला. हे तो काटेकोर पाळायचे. एकदाच पाळला नाही.

एका दुपारी एक माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. त्याच्या खांद्यावर शाळेचं दप्तर आणि बोटाला धरलेली पहिली-दुसरीतली मुलगी. म्हणाला, किल्ली ऑफिसात राहिली, पोरगी उन्हात ताटकळलीय. घर मागच्याच गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. हे गेले. शेजारच्या दाराला कुलूप होतं. एक मजला उतरून विचारता आलं असतं. पण मुलगीच म्हणाली, "हे आमचं घर. आत माझी सायकल आहे." जिन्यात अंधार होता, तर तिने यांच्यासाठी बॅटरी धरली. एवढंसं मूल खोटं कशाला बोलेल? आणि ती खोटं बोललीच नव्हती. घर तिचंच होतं.

त्या दिवशी हे खुशीत होते. जेवताना सगळं सांगितलं. मुलीने विचारलं, तुमची नखं काळी का? हे म्हणाले, कुलपं चावतात. त्यावर ती हसत सुटली. कशी हसली तेसुद्धा यांनी करून दाखवलं. आपण विमानात बसणार, असं तिने यांना दोनदा सांगितलं म्हणे. माझ्या हे पक्कं ध्यानात आहे, कारण हे जेवताना एवढं कधीच बोलत नाहीत.

दुसऱ्या दिवशी समोरच्या न्हाव्याकडून कळलं. मागच्या गल्लीतल्या एका बाईंची मुलगी नवऱ्याने पळवली. नवरा-बायको वेगळे झालेले, मुलगी कोर्टाने आईला दिलेली. बापाने शाळेतून मुलीला घेतलं, घरातून तिचे कपडे आणि पासपोर्ट घेतला आणि संध्याकाळच्या विमानाने तो देश सोडून गेला. पोलिसांना एकच कोडं पडलं होतं. कुलूप तुटलेलं नाही, मग दार उघडलं कुणी?

हे हातातली कानस ठेवून उठले. चौकीत स्वतः जाऊन सांगितलं, मी उघडलं. साहेबांनी लिहून घेतलं आणि म्हणाले, "तुम्हाला तरी काय कळणार? बाप होता तो तिचा." सोडून दिलं. यांना कुणीतरी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

बाई रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होत्या. आमच्या भागातल्या अर्ध्या लोकांच्या दंडाला त्यांनी पट्टा बांधला असेल. काही दिवसांनी त्या दुकानात आल्या. मी धसका घेतला. म्हटलं, आता ही बाई दुकान डोक्यावर घेणार. घेऊ दे, तिचा हक्कच आहे. पण त्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "तिच्याशी शेवटचं इथे तुम्हीच बोललात. ती काय काय म्हणाली ते सांगा."

यांनी सांगितलं. जिना, बॅटरी, सायकल, काळी नखं. हसण्याचं आणि विमानाचं गाळलं. ते मला समजलं, मीही गाळलं असतं. मग बाईंनी विचारलं, "माझ्याबद्दल काही?"

यांनी खाली बघितलं. मग म्हणाले, "म्हणाली ना. पप्पा, आईची वाट बघू या ना, असं म्हणाली."

मी मान वर केली. आदल्या आठवड्यात जेवताना हे वाक्य नव्हतं. यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बाईंनी डोळे मिटले, त्यांचे ताठलेले खांदे खाली आले. "बरं" म्हणून त्या उठल्या.

घरी आल्यावर मी विचारलं, "हे कुठून काढलंत?"

"रिकाम्या हाताने कसं पाठवायचं तिला?" हे म्हणाले. "एकदाच तर."

एकदाच कुठलं! बाई दर दोन-तीन महिन्यांनी यायला लागल्या. कधी खरंच काम असायचं, कधी नुसत्याच. स्टुलावर बसायच्या आणि म्हणायच्या, "सांगा." हे किल्ल्यांचं मशीन बंद करून सांगायचे. तेच शब्द, त्याच क्रमाने, पाढे म्हटल्यासारखे. यांना साखर निघाली तेव्हा तपासणीलाही त्यांच्याकडेच जावं लागलं. मी बरोबर होते. बाईंनी पट्टा बांधला, म्हणाल्या, "मूठ आवळा." सुई एका झटक्यात शिरेत. नळीत रक्त चढत होतं आणि त्या हळूच म्हणाल्या, "सांगा." यांनी मूठ आवळूनच सगळं सांगितलं.

पहिल्या पहिल्यांदा ते जास्तीचं वाक्य आलं की माझा हात चेनीवर थांबायचा. मग सवय झाली. खोटं वाटेल, पण होते सवय. हे सांगायचे, त्या ऐकायच्या, मी चेनीचे दात बसवत असायची, आणि त्या वाक्याशी आलं की माझ्या मनात यायचं, चला, संपलं, आता मशीन चालू होईल.

बंद दारं उघडायचं काम यांनी सोडलं. कुणी गयावया केली तर घराचे कागद मागायचे. एकदा नणंदेचे यजमान पायजम्यावर बाहेर अडकले. हे गेले आणि त्यांच्याकडेही कागद मागितले. ते म्हणाले, "अहो, तुमच्या बहिणीला विचारा की." बहीण आत अंघोळीला. ती निघेपर्यंत सख्खा मेव्हणा जिन्यात उभा. सगळी इमारत हसली. नणंद वर्षभर बोलली नाही आमच्याशी. मीही तेव्हा हसले होते, आणि हसताना यांच्याकडे लक्ष गेलं. हे खरंच कागदांची वाट बघत होते.

मुलीचं म्हणाल तर बाईंनी करायचं ते सगळं केलं. वकील, अर्ज, दोन देशांच्या कचेऱ्या. उपयोग शून्य. फक्त वाढदिवसाला बाप फोनवर बोलू द्यायचा. एकदा त्या पर्सची चेन बदलायला आल्या, हे नेमके बाहेर गेले होते, तेव्हा मला म्हणाल्या, "मी तिला दर वेळी आठवण देते. म्हणते, तू त्या दिवशी म्हणाली होतीस, आईची वाट बघू या. ते ऐकलं की ती गप्प होते. मग फोन वडिलांकडे देते. गळा भरून येत असणार पोरीचा."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. जिभेवर आलंही होतं. मी चेनीवरून मेणाचा तुकडा फिरवला, पुढेमागे करून बघितली आणि म्हटलं, "बघा, आता अडकणार नाही."

पुढे मुलगी फोनवर येईनाशी झाली. परीक्षा आहे, झोपली आहे, बाहेर गेली आहे. मग फोनच बंद झाला. बाईंना मधे लॅबमधल्या एका भल्या माणसाने लग्नाचं विचारलं होतं. त्या नाही म्हणाल्या. मुलगी आली आणि घरात दुसरंच कुणी दिसलं तर, म्हणाल्या. त्यांचे केस पिकले, यांचे गेले, माझे गुडघे गेले. "सांगा" मात्र चालूच राहिलं.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी बाई आल्या. स्टुलावर बसल्या, पण "सांगा" म्हणाल्या नाहीत.

"मुलगी येऊन गेली," त्या म्हणाल्या.

यांनी मशीन बंद केलं.

"अगबाई, कधी?" मी म्हटलं. "कशी आहे?"

"उंच आहे, माझ्यापेक्षाही. आपली भाषा बोलते, अडखळत." त्या यांच्याकडे वळल्या. "त्या दिवसाचं विचारलं मी तिला. तिला सगळं आठवतंय. तुम्हीसुद्धा. तुमची नखं आठवतात."

यांनी बोटं मुठीत मिटली.

"म्हणाली, आई, मी तसं म्हटलंच नव्हतं. विमानात बसायचं म्हणून मी खूश होते. तू दर वाढदिवसाला तेच वाक्य ऐकवायचीस. पप्पा सांगायचे, तुझी आई खोटं बोलते. आणि मला तर माहीत होतं की मी असं म्हटलेलं नाही. मग मला वाटलं, पप्पांचं बरोबर आहे. म्हणून फोनवर येणं सोडलं."

लॅबमध्ये रिपोर्ट वाचून दाखवतात त्याच आवाजात त्यांनी हे सांगितलं.

"ते वाक्य तुमचं?" त्यांनी विचारलं.

"माझं," हे म्हणाले.

"का?"

"तुमच्याबद्दल काय म्हणाली, असं विचारलंत. ती काहीच म्हणाली नव्हती."

बाईंनी मान हलवली. रडल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आता खरं सांगा. जेवढं झालं तेवढंच."

यांनी सुरुवात केली. जिना. बॅटरी. सायकल. नखं. तिथे थांबले. म्हणाले, "हसत होती. खूप हसत होती."

"कशी?"

हे आठवत बसले. कपाळ चोळलं, डोळे मिटून बघितलं. बाई पुढे वाकून वाट बघत होत्या. त्या वयातलं त्यांच्या मुलीचं शेवटचं हसणं यांनी बघितलं होतं, बापाखेरीज आणखी कुणी नाही. बऱ्याच वेळाने हे म्हणाले, "आठवत नाही. इतक्यांदा दुसरंच सांगितलं, की ते आता राहिलंच नाही डोक्यात."

बाई जरा वेळ तशाच वाकून राहिल्या. मला बघवलं नाही. मी म्हटलं, "पुढचा वरचा दात पडला होता तिचा. हसताना तोंडावर हात धरायची आणि मुद्दाम हात काढून दाखवायची, बघा, दात गेला. शिवाय जीभ त्या फटीतून बाहेर काढायची. हे त्याच रात्री जेवताना बोलले होते."

"दात आदल्याच दिवशी पडला होता," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा क्षणभर मोकळा झाला. हसल्याच त्या, खरं तर. मग हसू गेलं आणि त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्यांनी मला धड बघितलं असेल तर त्या दिवशीच.

"म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"फोनचं मी तुम्हाला सांगितलं होतं. इथेच बसून."

"हो," मी म्हटलं.

मला वाटलं, आता तरी ओरडतील. मी तयार होते. त्यांनी पदर सारखा केला, स्टूल जागेवर सरकवलं आणि गेल्या. त्यानंतर आल्या नाहीत. रस्त्यात दिसतात कधी, पण पलीकडच्या बाजूने जातात.

त्या दिवशी पुढची गिऱ्हाइकं आली तशी आम्ही कामं केली. संध्याकाळी फळ्या लावताना हे म्हणाले, "मी चुकलो ते चुकलो. तू तरी बोलायचं होतंस."

आवाज चढवला नाही. पण सगळ्या संसारात यांनी मला लावलेला तो पहिला बोल. उत्तर माझ्याकडे होतं. नवऱ्याचा शब्द खाली पडू नये म्हणून मी गप्प बसले, आणि त्यापायी पोरीच्या लेखी आई खोटी पडली. हे मला तिथे फळी धरून उभं असताना स्वच्छ कळलं, आणि कळूनही आत काही हललं नाही. मी नुसतं "हो" म्हटलं. यांनी कुलूप घातलं, मी ते एकदा ओढून बघितलं, आणि आम्ही घरी गेलो.