बकुळीखालची शाडूची माती

माझ्या बायकोच्या मावशीइतका मातीचा अपमान मनाला लावून घेणारा माणूस उभ्या मुंबईत दुसरा नसेल. गिरगावातल्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवून ती निवृत्त झाली, तरी मुलांची सुटका झाली एवढंच, आमची नाही. लालबागला ती आमच्याच इमारतीत, पहिल्या मजल्यावर राहते. लग्नानंतर पहिल्यांदा तिच्याकडे जेवायला गेलो, तर नव्या जावयाला तिने चक्क फरशीवर बसवलं. समोर तळ कापून उलट्या टांगलेल्या तीन बाटल्या. एकीत रेती, दुसरीत कुंडीतली माती, तिसरीत शाडू. तोंडांना फडकी बांधलेली, त्यातला एक माझा नवाकोरा रुमाल! "एकेक पेला पाणी ओता, जावईबापू." रेतीतून पाणी धो धो आलं, मातीतून थेंब थेंब, शाडूवर मात्र तसंच उभं राहिलं. आत कोंबडी-वडे गार होत होते. "कळलं," मी कळवळून म्हणालो. "काय कळलं ते सांगा, मग वाढते."

तिला शिवाजी पार्कात फिरायला नेण्याची चूक तर कुणी करूच नये. प्यायचं पाणी ती मैदानावर ओतते आणि ते मुरेपर्यंत उकिडवी बसते. फिरायला आलेले आजोबा मलाच दटावतात, "अहो, आईंना चक्कर आलीय, बघताय काय?"

पण आमच्या बकुळीच्या बाबतीत जे झालं, त्यात चिडायचा हक्क तिचाच होता. आमच्याकडे घरोघरचे गणपती अंगणातल्या पिंपात विसर्जित करतात. विरघळलेल्या मातीवर कुणाचा पाय पडू नये, म्हणून ती बकुळीच्या बुंध्याशी ओततात. वर्षानुवर्षं ओतली. यंदा झाड पिवळं पडलं, तसं कमिटीने जाहीर केलं की झाड म्हातारं झालंय, तोडायला अर्ज करू.

मावशी मीटिंगला काचेची बरणी घेऊन आली. खाली माती, वर बुंध्याजवळचाच शाडूचा थर. तिने पाणी ओतलं. ते वरच राहिलं. "बघा! वर तळं आणि खाली मुळं तहानलेली. झाड म्हातारं नाही, तुम्ही त्याचं तोंड लिंपलंय."

"मावशी, बाप्पाची माती आहे ती," सेक्रेटरी म्हणाले. "तिला नावं नाय ठेवायची."

"तिला कुठे? तुम्हाला ठेवतेय!"

"शाळा सुटली हो मावशी," मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. त्या हसण्याचा मला आजही संताप येतो. मीही हसलो होतो, त्याचा तर जास्तच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उलथनं घेऊन बुंध्याशी बसलेली दिसली. मी तिला रागवायला खाली उतरलो आणि तासाभराने माझेच हात कोपरापर्यंत माखले होते. मातीच्या खपल्या निघत होत्या. त्यात आमच्या घरच्या गणपतीचीही माती होती, दर वर्षी मीच ओतलेली. ते तिला माहीत होतं. तिने उलथनं माझ्या हातात दिलं. आम्हाला दोघांना असं उकरताना बघून सेक्रेटरींनी अर्ज होळीपर्यंत थांबवला.

त्या दिवसापासून तिचे गुडघे धरलेत, तिला जिना उतरवत नाही. रोज सकाळी मी खाली बादली ओततो आणि ती गॅलरीत उभी राहते.

"मुरलं, मावशी!"

"आणि पानं?"

"हिरवी होतायत," मी बिनदिक्कत सांगतो.

बकुळीच्या फांद्या तिच्या कठड्याला टेकलेल्या आहेत. पानं माझ्यापेक्षा तिलाच जवळून दिसतात. ती त्यातलं एक पिवळं पान हातात धरून बघते.

"बरं," ती म्हणते, "उद्याही ओता."