अर्ध्या मॅचचे पेढे

किसनराव गेल्याचा फोन आला, तेव्हा मी गारखेड्यातल्या डेअरीत अर्धा किलो पेढे तोलून घेत होतो. पेढे त्यांनीच सांगितले होते. आदल्या दिवशी दवाखान्यातल्या खाटेवरून मला बजावलं होतं, “सर, उद्या आपला तो सोमवार हाय. मी नसलो तरी गल्लीत वाटप झालं पायजे.” मी फोन खिशात ठेवला आणि डेअरीवाल्यानं हसून विचारलं, “काय आनंदाची बातमी, सर?” खोकं पिशवीत टाकून चालत घरी आलो.

किसनराव माझे बावीस वर्षांचे शेजारी. मूळचे करमाडकडचे. लहानपण मेंढरांमागं गेलं, पुढं एसटीच्या वर्कशॉपातून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले. इंजिन असो की माणूस, नुसत्या आवाजावरून त्याचं दुखणं ओळखता येतं, असं त्यांचं ठाम मत होतं. माझ्या स्कूटरच्या बाबतीत ते निम्म्या वेळा चुकलं, पण ते त्यांनी कधी मान्य केलं नाही. एकुलता एक मुलगा संतोष अमेरिकेत. वहिनी गेल्या तेव्हा कागदपत्रांच्या घोळात त्याला वेळेवर येता आलं नाही. किसनराव रागाच्या भरात फोनवर म्हणाले, “आता कशाला येतो?” आणि तो खरंच आला नाही. पुढं दोन वर्षं बापलेकांत नुसते मोबाइलवरचे निरोप. ‘गोळ्या घेतल्या का?’ ‘घेतल्या.’ बस, एवढंच. किसनराव ते निरोप मला दाखवायचे आणि म्हणायचे, “बघा, बोलतो की आमी.”

मग एकदा फेब्रुवारीत संतोषचा जरा लांबलचक निरोप आला. त्याच्या शहराचा संघ अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात पोचला होता. आपल्याकडं सोमवारी पहाटे टीव्हीवर दिसेल, जमलं तर बघा. “सर, पोरानं बोलावलंय,” किसनराव म्हणाले. सोमवारी पाचला ते इस्त्रीचा सदरा घालून माझ्याकडं हजर. मी भूगोलाचा मास्तर. फुटबॉल म्हणजे पायानं खेळायचा, एवढंच मला माहीत. इथं चेंडू लांबट, आणि जो तो हातात घेऊन पळत सुटलेला. अर्धा तास मी फुटबॉल सुरू व्हायची वाट पाहत होतो. किसनरावांना मात्र पहिल्या दहा मिनिटांतच सगळं कळलं. “सोपं हाय, सर. तो मागं उभा हाय ना, त्यो मेंढका. समोरचे लांडगे. बाकीचे मेंढक्याला वाचवायला आडवे पडतात.” एवढ्या भांडवलावर त्यांनी पंचांच्या चुका काढायला सुरुवात केली.

संतोषचा संघ एकवीस विरुद्ध तीन असा पुढं गेला. खेळाडू आत निघाले आणि मैदानावर रोषणाई झाली. आभाळात दिवे चमकले, एक बाई दोरांना लटकून छतावरून खाली उतरली आणि गाणी म्हणत नाचू लागली. “बक्षीस समारंभ,” किसनराव म्हणाले. मलाही तसंच वाटलं. एवढा थाट मध्यंतरासाठी कोण करतं? आम्ही टीव्ही बंद केला, त्यांनी डेअरी गाठली आणि साडेसातच्या आत अख्ख्या गल्लीच्या तोंडात पेढा पडला होता.

मग त्यांनी संतोषला फोन लावला. दोन वर्षांत पहिल्यांदा. स्पीकर चालू होता. “जिंकलात रं बाबा.” संतोष म्हणाला, “होय आबा.” त्यानंतर ते सव्वा तास बोलले. आईचा विषय निघाला. दोघंही रडले, मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच चहा केला. मधे किसनरावांनी विचारलं, “मागं लई गलका चाललाय?” “लोक नाचतायत, आबा.”

मंगळवारी पेपर उघडला आणि माझ्या हातातला कप तसाच राहिला. संतोषचा संघ हरला होता; आम्ही पाहिलेला थाट नुसता मध्यंतराचा होता. मध्यंतरानंतर पंचवीस गुणांनी मागं पडलेल्यांनी बरोबरी साधून, जादा वेळेत सामना नेऊन, असल्या अंतिम सामन्यांतलं सर्वांत मोठं पुनरागमन केलं होतं… आणि ते चालू असताना संतोष बापाशी बोलत बसला होता. मी किसनरावांच्या दारातला पेपर उचलला, क्रीडा पान काढून घेतलं आणि गल्लीभर सांगत फिरलो की कुणी तोंड उघडायचं नाही. हे त्यांना कळलं तर लाजेपोटी पुन्हा फोन बंद होईल, ही मला भीती. कुणीच तोंड उघडलं नाही. उलट दरवर्षी फेब्रुवारीत त्या विजयाचे पेढे मधुमेह असलेल्या मीही मुकाट खाल्ले. संतोषचा फोन मात्र दर रविवारी येऊ लागला.

दवाखान्यातल्या त्या शेवटच्या भेटीत मला राहवलं नाही. म्हटलं, “किसनराव, त्या मॅचचं एक सांगायचं राहिलंय…”

“हरले व्हते ते,” ते म्हणाले. “पोराच्या आवाजावरनंच कळलं मला, तवाच. जिंकलेला माणूस असा बोलत नाय. चालू मॅच सोडून बसलं व्हतं माझ्यासाठी.”

“मग इतकी वर्षं पेढे कशाचे?”

“मॅचचे कुठं वाटत व्हतो, सर? पोरगं बोललं त्याचे.”

संतोष आला, सगळं पार पडलं. परत निघताना आबांच्या खाटेवर बसून त्यानं हळूच विचारलं, “काका, शेवटपर्यंत कळलं नाही ना त्यांना?” इतक्या वर्षांची सवय, मी “नाही” म्हणून गेलो.

तो पेपरची ही पुरवणी तिकडं मोबाइलवर वाचतो. म्हणून इथं लिहितो. संतोष, आबांना माहीत होतं. तू त्या दिवशी काय सोडून त्यांच्याशी बोलत बसलास, तेही माहीत होतं. पेढ्यांचं खोकं अजून माझ्या फ्रिजवर आहे, पेढे मुंग्यांनी संपवले. पुढच्या फेब्रुवारीत ये, राहिलेलं वाटप दोघं मिळून करू. तोवर रविवारी मला फोन करत जा. आवाजावरून मला काही ओळखता येत नाही, पण तू कर.